फॅन मोठा, वायर बारीक!

माझी ट्यून केलेली सेकंडहँड कार म्हणजे माझा जीव! पण साताऱ्याला आजोळी जाताना खंबाटकी घाटात ट्रकमागे अडकलं, की समोरून वारा नाही आणि काटा थेट लालकडे. म्हणून रेडिएटरला मोठा इलेक्ट्रिक फॅन बसवला. पैसे वाचवायला वायर मात्र जुनीच ठेवली. आठवड्यात जळका वास! वायरिंगवाले काका भडकलेच, ‘‘अहो ताई, हा २५ अँपिअर खातो, सुरू होताना त्याहून जास्त. गाडी पेटली असती!’’ त्यांनी बॅटरीजवळ फ्यूज, तिथून जाड वायर आणि रिले टाकला. आता टेम्परेचर स्विच रिलेला फक्त इशारा देतो, फॅनचा करंट जाड वायरमधून जातो. परवा शेजारी आई होती. घाटात फॅन सुरू झाला, काटा खाली आला. तिला काहीच कळलं नाही. मी मात्र सुटकेचा श्वास सोडला.