अडीच तिकिटांत समुद्रदर्शन

वऱ्हाडांतील माणसास समुद्र म्हणजे नकाशांतील निळा रंग. आमचें रोहिणखेड अजिंठ्याच्या डोंगरांच्या पायथ्याशीं वसलेलें. सोळाव्या शतकाच्या अखेरीस येथें निजामशाहीच्या गादीसाठीं लढाई झाली. सैन्यें आलीं आणि गेलीं, पण समुद्राचा वारा येथवर कधीं पोहोंचला नाहीं. त्यामुळें सुटींत कोठें जावें हा प्रश्न निघाला तेव्हां मुलांच्या तोंडीं समुद्राचें नांव नव्हतें. होतें तें खोपोलीजवळच्या 'इमॅजिका'चें.

२०१३ सालीं उघडलेल्या त्या क्रीडानगरीस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. उंचावरून कोसळणाऱ्या गाड्या ज्यांस मानवतात त्यांनीं तेथें अवश्य जावें. परंतु एका माणसाचें तिकीट हजार रुपयांच्या वर, आणि आमच्या घरीं ७८ वर्षांच्या मातोश्री. पैसे भरून त्यांस आंत नेलें तरी सर्वांच्या पिशव्या सांभाळीत बांकावर बसणें एवढेंच त्यांच्या वांट्यास यावयाचें. "मग आजीला घरींच ठेवूं," असें धाकटे चिरंजीव सहज बोलून गेले. त्या एका वाक्यानें आमचा निश्चय ठरला. जेथें पांचहि जणांस सारखें खेळतां येईल तेथेंच जावयाचें!

मग आम्ही हिशेब मांडला. राज्य परिवहनाच्या गाडींत ७५ वर्षांवरील वृद्धांस २०२२ पासून प्रवास विनामूल्य आहे. स्त्रियांस मार्च २०२३ पासून अर्धें भाडें पडतें. बारा वर्षांखालील मुलांसहि अर्धेंच. म्हणजे मातोश्रींचें शून्य, पत्नी, कन्या व चिरंजीव यांचें प्रत्येकीं अर्धें, आणि पूर्ण भाडें भरणारे एकटे आम्ही. पांच माणसें, अडीच तिकिटें! मोताळ्याहून गाड्या बदलीत पुणें गांठलें, तेथें आप्तांकडे एक रात्र काढली व दुसरे दिवशीं घाट उतरून अलिबागची वाट धरली. खोपोली मागें पडली तेव्हां मुलें बराच वेळ मुकीं बसून होतीं, हें सांगितलें पाहिजे.

नागांवास नारळी-पोफळीच्या एका वाडींत उतरलों. दोन खोल्या आणि घरच्या बाईंच्या हातचें जेवण. तांदळाच्या भाकरीस ज्वारीची सर नाहीं, असा निकाल मातोश्रींनीं पहिल्याच घांसास दिला, तरी भाकऱ्या तीन खाल्ल्या.

ओहोटीच्या वेळीं अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाब्याच्या किल्ल्यांत चालत जातां येतें. मात्र ही वेळ रोज सुमारें ५० मिनिटें पुढें सरकते. काल जी वाट कोरडी होती ती आज त्याच घटकेस पाण्याखालीं असूं शकते. आमच्यासारख्या कोरड्या मुलखांतील माणसांनीं हें कोळ्यांस विचारल्यावांचून पाऊल टाकूं नये. हें अज्ञान प्राणांवर बेतूं शकतें. आम्ही विचारून निघालों. मातोश्री घोडागाडींत बसल्या, मुलेंहि त्यांच्याशेजारीं दाटीवाटीनें चढलीं. या गाडीस ना उंचीची अट, ना वयाची.

किल्ल्यांत गोड्या पाण्याची विहीर आहे. मातोश्रींचें माहेर आमच्याच जिल्ह्यांत, संग्रामपूरकडच्या खारपाण पट्ट्यांत. लहानपणीं विहिरीचें खारें पाणी टाळून गोड्या पाण्यासाठीं दूरवर हंडे वाहिलेल्या त्या. चहूंकडे समुद्र असतां मध्यें गोडें पाणी, हें त्यांस पटेना. त्या कांठाशीं कितीतरी वेळ वांकून पाहत राहिल्या. मग नातवंडांस जवळ बसवून त्यांनीं माहेरच्या विहिरीची हकीकत सांगितली. ती आम्हांसहि ठाऊक नव्हती.

पाणी चढण्यापूर्वीं आम्ही किनाऱ्यावर परतलों. तासाभरांत आमच्या चाकांची वाट बुडाली. मातोश्री कमरेवर हात ठेवून पाहत होत्या. म्हणाल्या, "एवढं पानी, अन् कोनाच्याच वावराच्या कामाचं नाई!"