पुलीवरची पांढरी रेघ

मंडळी, आम्ही मूळचे मेकॅनिकलवाले. पोटासाठी जावा लिहितो, ही वेगळी गोष्ट. त्यामुळे इथे न्यू जर्सीत ऑफिसातल्या दादाने "शनिवारी गॅरेजमध्ये ये" म्हटल्यावर मी लगेच हजर. त्याच्याकडे १९९४ ची टोयोटा सुप्रा आहे, ट्विन टर्बो! रविवारी तिच्यातून पोकोनोजच्या डोंगरात जायचं ठरलेलं.

इंजिन सुरू करून टॉर्च मारला, तर क्रँक पुलीची बाहेरची कडा किंचित डुलत होती. दादा म्हणाला, "बेल्ट हलतोय रे." मलाही तेच मानायचं होतं. फिरायला जायचं होतं ना...

पण ही पुली म्हणजे नुसतं चाक नाही. आत हब, बाहेर जड रिंग आणि मध्ये रबराचा थर. सहा सिलिंडर एका ओळीत, म्हणजे क्रँकशाफ्ट चांगला लांबलचक. ६००० आरपीएमला त्याला सेकंदाला ३०० धक्के बसतात आणि तो चक्क पीळ खातो. ते कंपन गिळायचं काम या रिंगचं आणि रबराचं. (हा धडा आम्ही परीक्षेत ऑप्शनला टाकला होता!)

आणि रबर मैल बघत नाही, वर्षं बघतं. इंजिनची उष्णता, सीलमधून झिरपणारं तेल... गाडी कव्हर घालून जपली तरी ते म्हातारं होतंच. एकदा सुटलं की रिंग मागे सरकून टायमिंग बेल्टचं कव्हर घासू शकते. आत बेल्ट. पुढचं सांगायला नको.

इंजिन बंद करून दादाने हबपासून रिंगपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. जागेवरच थोडं रेस करून पुन्हा पाहिलं. रेघ तुटलेली! रिंगवरचा तुकडा बोटभर सरकलेला. म्हणजे रिंगवरची टायमिंगची खाचही खोटीच.

दादाने मग कपाटातून अ‍ॅल्युमिनियमची हलकी, सॉलिड पुली काढली. "हिच्यात रबरच नाही, सुटणार काय?" खरंय. पण मग कंपन गिळणार कोण? तासभर वाद झाला. शेवटी डँपरवालीच मागवली. ती बसवली की पहिलं काम रेघेचं, आणि दर ऑइल बदलताना ती बघायची.

रविवारी माझ्या डबड्या होंडातून गेलो. सॉलिड पुली सध्या दादाच्या टेबलावर पेपरवेट आहे :)