ही फोडशीच आहे का?

आमचा रानभाज्या आणि रानफुलांचा व्हॉट्सअ‍ॅप गट वाढवायचा की आहे तेवढाच ठेवायचा, हा प्रश्न दर पावसाळ्याच्या तोंडाला निघतो. पावसाची चाहूल लागली की ठाणे-पालघरच्या बाजारात शेवळं दिसू लागतात, पाठोपाठ टाकळा, कुर्डू, भारंगी येते आणि शहरातल्या माणसाला रानाची ओढ लागते. मग कुणीतरी गटाची लिंक दुसरीकडे टाकतं, आत येऊ इच्छिणाऱ्यांच्या विनंत्या साचत जातात आणि गट सांभाळणारी म्हणून मला निर्णय घ्यावा लागतो. मी सरसकट नाही म्हणत नाही आणि सरसकट हो तर मुळीच म्हणत नाही. का, ते सांगते.

मागे एका सदस्याने कर्जतच्या बाजूच्या माळावरून एक फोटो टाकला. जमिनीतून नुकताच वर आलेला लांबट हिरव्या पात्यांचा झुबका. खाली प्रश्न : ‘ही फोडशीच आहे का? आज भाजी करू का?’ त्यावर गटातल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी हो किंवा नाही म्हटलंच नाही. त्यांनी विचारलं, ‘बुडखा दाखवता का?’ बुडख्याचा फोटो आला. मग एक ताई म्हणाल्या, ‘माती झटकून मुळाशी कांदा आहे का ते बघा.’ कांदा होता. फोडशीच्या मुळाशी असा पापुद्र्यांचा कांदा नसतो. तो निघाला कोळकांदा, आणि कोळकांदा विषारी असतो. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास गेला असेल. विचारणाऱ्याने रोप पुन्हा मातीत लावलं आणि घरी जाऊन दुसरी भाजी केली.

हाच फोटो शेकडो माणसांच्या गटात पडला की काय होतं, तेही मी पाहिलं आहे. दोन मिनिटांत चार जण ‘हो’ म्हणतात, त्यांच्या ‘हो’वर अंगठे उमटतात, एक जण भाजीची कृती लिहून टाकतो. ज्याला शंका आली त्याचा मेसेज तोवर उगवत्या सूर्याच्या चित्राखाली गेलेला असतो. यात कुणाचीच नियत वाईट नसते. पण जिथे फार माणसं असतात तिथे पटकन बोलणाऱ्याचं ऐकू येतं आणि थांबून बघणाऱ्याचं राहून जातं. भाजीच्या बाबतीत हा फरक जिवाशी येऊ शकतो. कळलावीचं उदाहरण घ्या. फूल आल्यावर ती कुणीही ओळखेल, पण फुलाआधी तिची एकच खूण नजरेत भरण्यासारखी असते : पानाचं टोक तणाव्यासारखं वळलेलं असतं. तिचा कंद खाण्याजोगा समजून कुणी खाल्ला तर प्राण जाऊ शकतो. ‘टोकाकडून फोटो घ्या’ असं म्हणणारा एक माणूस तिथे शंभर अंगठ्यांपेक्षा मोलाचा.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जाणकार माणूस ऐकणारे जितके जास्त तितका जपून बोलतो. ‘मला अमुक वाटतं, पण खात्री नाही’ हे ओळखीच्या पाचपन्नास माणसांत सहज म्हणता येतं. अनोळखी हजारांत ते म्हणवत नाही, कारण त्यातलं ‘खात्री नाही’ कुणीतरी गाळतं आणि उरलेलं वाक्य पुढे ढकलतं. मग जाणकार गप्प बसतो, आणि खरी चर्चा तर त्या ‘खात्री नाही’पासूनच सुरू होत असते.

झाडांची ओळख हे काम पूर्वीपासून असं थोड्या, एकमेकांच्या नजरेवर भरवसा असलेल्या माणसांनीच केलं आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक शिक्षणाने इंजिनिअर. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ 1901 पासून भागाभागाने निघाला आणि सह्याद्रीत हिंडणारे अभ्यासक तो आजही उघडतात. त्यात वनस्पतीच्या वर्णनाखाली ती कुठे सापडली आणि कुणी पाहिली याची नावं येतात : वुड्रो, कानिटकर आणि असेच काही. नाव लिहिलं म्हणजे जबाबदारी आली. लहान गटात ही जबाबदारी आपोआप येते. मोठ्या गटात नाव दिसत असूनही ती अंगावर घेतली जात नाही.

संगणकांच्या जाळ्यावरच्या गप्पांनाही हा अनुभव फार लवकर आला. 1980 च्या सुमारास अमेरिकेतल्या विद्यापीठांमधून सुरू झालेल्या युझनेटवर दर सप्टेंबरात कॉलेजांचे नवे विद्यार्थी येत, तेच तेच प्रश्न विचारत, आणि महिन्या-दोन महिन्यांत जुन्यांकडून तिथली रीत शिकत. 1993-94 च्या आसपास व्यापारी कंपन्यांनी आपल्या लाखो ग्राहकांना तिथे वाट करून दिली. नवखे रोजच येऊ लागले आणि तो सप्टेंबर संपलाच नाही, असं तिथले जुने लोक आजवर म्हणतात. मला यातला धडा नव्यांविषयीचा वाटत नाही, वेगाविषयीचा वाटतो. नवे तर आधीही येत होते. शिकवायला माणसं आणि उसंत होती तोवर ते जुने होत गेले.

व्हॉट्सअ‍ॅपने गटाची मर्यादा शंभरावरून 2016 मध्ये 256 केली, 2022 मध्ये आधी 512 आणि मग 1024. ही त्यांच्या यंत्राची क्षमता आहे, आपल्या संभाषणाची नव्हे. शिवाय या गटात एरवी नव्याने आलेल्याला आधीचं बोलणं दिसत नाही. म्हणजे प्रत्येक जण कोऱ्या पाटीने येतो आणि टाकळा कोणता, तरोटा कोणता इथपासून विचारतो. हे विचारणं चुकीचं नाहीच. पण त्याच ताईंनी तेच उत्तर किती वेळा द्यायचं? त्या थकल्या की गटाची जान जाते, सदस्यसंख्या मात्र तशीच दिसत राहते.

बायकांच्या दृष्टीने आणखी एक अडचण आहे, तिच्याविषयी फार कमी बोललं जातं. गटात आलं की तुमचा फोन नंबर सगळ्यांना मिळतो. ओळखीतून आलेल्या माणसांत त्याचं काही वाटत नाही. लिंकवरून आलेल्या अनोळखींचा भरणा झाला की कुणाला तरी रात्री ‘हाय’ येतोच, आणि ती बाई तक्रार न करता गट सोडून जाते. रानभाज्यांचं निम्म्याहून जास्त ज्ञान बायकांकडे आहे. त्या गेल्यावर उरलेला गट कितीही मोठा असो, मला त्याचा उपयोग नाही. दुर्मिळ झाडांचंही असंच. कंदीलपुष्पाच्या काही जाती अगदी मोजक्या उतारांवर उरल्या आहेत, त्यांचे कंद खाण्यासाठी उकरले जातात आणि फोटोसाठी येणाऱ्यांच्या पायांखाली रोपं तुडवली जातात. पूर्वी आमच्यात कुठल्या सड्यावर काय फुललंय हे मोकळेपणाने सांगितलं जाई. आता तालुक्याचं नाव सांगून थांबतो.

एवढं सगळं असूनही दार लावून बसावं असं मला वाटत नाही. लावलेल्या दाराआड आपण एकमेकांचेच फोटो बघत राहतो, आणि ज्यांना खरं ठाऊक आहे ती माणसं बाहेरच राहतात. आमच्या गटात पदवीधर पुष्कळ. शेवळाची खाज काढायला भाजीत काकडाची फळं घालतात, हे वाचून सांगणारे पुष्कळ. पण कोणत्या उतारावरचं शेवळं जास्त खाजतं, किती दिवसांनंतर ते खुडू नये, काकडं मिळाली नाहीत तर काय करायचं, हे बाजारात फडक्यावर जुड्या मांडून बसणाऱ्या बाईला ठाऊक. तिने गटात यावं असं वाटत असेल तर आम्ही टाईप करून, शास्त्रीय नावं टाकत बोलणं कमी करायला हवं.

दोन वर्षांमागे जव्हारकडच्या एक शिक्षिका गटात आल्या. त्या स्वतः फार लिहीत नाहीत. आपल्या आईचा आवाज रेकॉर्ड करून टाकतात. आई वारली बोलीत बोलते, मुलगी खाली मराठीत दोन ओळी लिहिते. एका पानाचा फोटो बघून आई म्हणाली होती, ‘कोवळं असतानाच खायचं, आता ते गुरांचं झालं.’ आमच्याकडे त्या पानाविषयी आठवडाभर चर्चा चालली होती. हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

तेव्हापासून गट वाढवण्याची माझी रीत ठरली आहे. लिंक कुठेही टाकायची नाही. ज्याला आत आणायचंय त्याला जुन्या सदस्याने हाताला धरून आणायचं आणि पहिल्या पावसाळ्यात त्याच्या प्रश्नांना आधी त्यानेच उत्तर द्यायचं. उत्तर देणारा एक तयार झाला की विचारणारे दोघं-तिघं सुखाने सामावतात, त्यामुळे मी सदस्य मोजत नाही, कुणाचा प्रश्न अनुत्तरित राहिला का ते बघते. वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं फोटोंसकट एका फायलीत घालून ठेवली आहेत, त्यात फोडशी आणि कोळकांद्याचं पान सगळ्यांत आधी आहे. आणि वर्षातून एकदा तरी सगळ्यांनी प्रत्यक्ष रानात भेटायचं. 1996 पासून चालत आलेल्या मायबोली या मराठी संकेतस्थळावरच्या मंडळींनी ‘गटग’ म्हणजे गेट-टुगेदर आणि पावसाळ्यातला ‘ववि’ म्हणजे वर्षाविहार ही रीत पाडली, ती फार शहाणपणाची आहे. ज्याच्याबरोबर चिखलातून चाललो त्याला पडद्यावर तोडून बोलणं जड जातं.

यंदा विनंत्यांची रांग नेहमीपेक्षा लांब आहे आणि काही जुन्यांचं मत आहे की सरळ 1024 पर्यंत जाऊ द्यावं, काम चांगलं आहे तर पोहोचू दे. माझं मत गट फोडण्याच्या बाजूचं आहे : कोकणपट्टीचा वेगळा, मावळाचा वेगळा, विदर्भाचा वेगळा, कारण रान बदललं की भाजीचं नावही बदलतं आणि भाजीही. जव्हारच्या ताईंनी तर आमचं एकमत व्हायची वाट पाहिलीच नाही. त्यांनी आपल्या पाड्यांवरच्या बायकांचा गट काढला आहे, बोलणं सगळं आवाजात आणि वारलीत. आमच्यापैकी दोघींना त्यात घेतलंय. फोटो त्या टाकतात, उत्तरं त्याच देतात, आणि आम्ही विचारतो.