शिरा आणि प्रसाद

१९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला आणि आमचे नांदेडचे बिऱ्हाड बदलीच्या हुकुमाबरोबर लातुरात येऊन पडले. सामान लागते न लागते तोच हिने सत्यनारायण ठरवला. गुरुजी संकल्प सांगू लागले आणि मी चमकलो. नांदेडला आम्ही ‘गोदावर्याः उत्तरे तीरे’ म्हणत असू. येथे ‘दक्षिणे तीरे’ झाले! नदी राहिली कोसच्या कोस लांब, पण पत्ता मात्र अजून तिचाच. त्याच ओघात ‘बौद्धावतारे’ हा शब्द आला आणि मला मोठी गंमत वाटली. कारण शेजारचे मास्तर समोरच बसले होते, आणि ते बौद्ध.

कथा संपल्यावर मी चारचौघांत म्हणालो, “ऐकलंत ना मास्तर? आमच्या संकल्पात तुमचे बुद्ध आहेत. नववा अवतार!” मास्तर नुसते हसले. इतक्यात हिने त्यांच्यापुढे द्रोण धरला. ते हळूच म्हणाले, “वहिनी, शिरा म्हणून द्या, आनंदाने खाईन. प्रसाद म्हणून मात्र नको.”

प्रसाद नाकारणाऱ्या तुंगध्वज राजाचे काय झाले, ते आम्ही नुकतेच ऐकले होते. हिचा चेहरा उतरला. द्रोण तसाच परत गेला.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांच्याकडे गेलो. थोडा रागावूनच, खरे सांगायचे तर. मास्तरांनी चहा पुढे केला आणि वडिलांची गोष्ट सांगितली. १४ ऑक्टोबर १९५६ ला वडील नागपुरात होते. त्या दिवशी बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. ब्रह्मा-विष्णु-महेशांना देव मानणार नाही, ही त्यांतली पहिलीच. बुद्ध हा विष्णूचा अवतार मानणार नाही, हीही त्यांतच. “तुम्ही काल मला प्रेमानं घरात घेतलंत, ते कळलं मला,” मास्तर म्हणाले. “पण त्याच घरातून बाहेर पडायची शपथ वडिलांनी घेतली होती.”

यावर मी वाद घातला. कर्म, पुनर्जन्म, अहिंसा, ध्यान हे सारे शब्द दोन्हीकडे आहेत, मग भांडण कशाचे? आणि ईश्वराचे म्हणाल, तर कपिलाच्या सांख्यालाही सृष्टिकर्ता लागत नाही. तरी त्याला कोणी घराबाहेर काढले नाही! मास्तर म्हणाले, भांडण आत्म्याचे आहे. गीतेतला आत्मा जुनी वस्त्रे टाकून नवी घेतो. वस्त्रे बदलली तरी आत माणूस तोच. बुद्धाला असा कायमचा ‘तोच’ कोणी सापडत नाही. मास्तर औरंगाबादच्या मिलिंद कॉलेजचे. ज्या राजाचे नाव त्या कॉलेजला आहे, त्याला नागसेन भिक्षूने दिव्याचा दाखला दिला होता. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? एक नव्हे, आणि निराळीही नव्हे.

दाखला सुरेख होता. पण एवढ्याशा तत्त्वज्ञानापायी शिरा नाकारायचा?

“तुम्हाला ते पुस्तकातलं वाटतं,” मास्तर म्हणाले. “आत्मा तोच राहिला, की मागल्या जन्माचं पापही त्याच्याच खात्यावर. मग माझे वडील गावकुसाबाहेर का, याचं उत्तर तयारच!”

मी गप्प झालो. नांदेडजवळच्या आमच्या खेड्यात आजी हेच म्हणे. वाड्यावर राबायला येणाऱ्या माणसाच्या ओंजळीत ती उंचावरून पाणी ओती आणि म्हणे, “ज्याचं त्याचं पूर्वसंचित!” आजी दुष्ट नव्हती. उपाशी माणूस तिने कधी दारातून परत धाडला नाही. पण त्या एका शब्दाने तिची झोप कधी मोडली नाही, हेही खरे.

मास्तरांची बाजूही अगदी बिनअडचणीची नव्हती बरे का! जातककथा तर बुद्धाच्या पूर्वजन्मांनीच भरलेल्या. श्रीलंका-ब्रह्मदेशातले बौद्धही पुनर्जन्म मानतात. मी ते बोलून दाखवले. मास्तरांनी कपाटातून बाबासाहेबांचे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ काढले. १९५७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, मूळ इंग्रजीत निघालेला हा ग्रंथ. मागल्या जन्मीच्या कर्माने या जन्मीचे दैन्य ठरते, ही समजूत त्यात बाबासाहेबांनी साफ नाकारली आहे. चार आर्यसत्ये मूळची बुद्धाचीच का, अशी शंकाही घेतली आहे. “आमचा बुद्ध हा,” मास्तर म्हणाले. पुस्तक मी घरी नेले. परत करायला तीन महिने लागले.

घरी येऊन मी हिला सगळे सांगितले. ओंजळीचे सांगताना जरा अडखळलो. ही भाजी निवडत होती. काही बोलली नाही.

पुढल्या वर्षीच्या सत्यनारायणाला मी स्वयंपाकघरात डोकावलो, तो हिने सव्वा पटीच्या शिऱ्यातून एक वाटी काढून फडताळात झाकून ठेवलेली. नैवेद्य दाखवण्याआधी! तिच्या आईने पाहिले असते, तर आठ दिवस बोलली नसती. मास्तर आले, तेव्हा तीच वाटी त्यांच्यापुढे आली, तुळशीच्या पानाशिवाय. त्यांनी वाटीकडे पाहिले, हिच्याकडे पाहिले आणि चाटूनपुसून खाल्ली.

“वहिनी,” ते म्हणाले, “केळं जरा कमी पडलंय.”