आठ मणांची हौस

हौसेला वय नसते असे आपण म्हणतो खरे. पण ते बहुधा दुसऱ्याच्या हौसेविषयी, आणि तेही सौजन्य म्हणून. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाने शाल घ्यावी, फार तर गुलाबाची चार कलमे लावावी. त्याने अमेरिकन मोटारसायकलींची माहितीपत्रके उशाशी घेऊन निजावे, हे आमच्या सक्करदऱ्याच्या सभ्यतेत बसत नाही. तथापि गेले सहा महिने मी तेच करीत आहे.

मोटारसायकलीला आपल्या भाषेने फटफटी हे नाव दिले. ते ज्याने कोणी दिले त्याचा कान शाबूत होता. कारण हे यंत्र दिसण्याआधी ऐकू येते. अमेरिकन गाड्यांत तर या आवाजाला कुळाचाराची प्रतिष्ठा आहे. मिलवॉकीची हार्ले-डेव्हिडसन ही कंपनी १९०३ सालची. तिच्या नावाजलेल्या मोठ्या इंजिनांत दोन सिलिंडर पंचेचाळीस अंशांचा कोन करून बसवलेले असतात, आणि दोघांचेही दांडे एकाच खिळीला धरून फिरतात. त्यामुळे स्फोट सारख्या अंतराने होत नाहीत. एकदा ३१५ अंशांनी, तर एकदा ४०५ अंशांनी होतात. तबलजीने एखादी मात्रा मुद्दाम ओढून धरावी तसा हा ठेका किंचित लंगडत चालतो. १९९४ साली कंपनीने हा आवाज आपले व्यापारचिन्ह म्हणून नोंदवण्यासाठी अर्ज केला आणि २००० साली तो मागे घेतला. दिल्लीकरांनी मात्र कोणाला न विचारता तो आपलासा केला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर मागे राहिलेल्या लष्करी गाड्यांना प्रवाशांचा सांगाडा जोडून त्या तेथे वर्षानुवर्षे भाड्याने धावल्या. त्यांनाही लोक फटफटीच म्हणत.

हार्लेची जुनी प्रतिस्पर्धी म्हणजे ‘इंडियन’. नावावरून आपण हुरळून जाऊ नये. त्याचा संबंध आपल्याशी नसून अमेरिकेच्या मूळ रहिवाशांशी आहे. स्प्रिंगफील्ड येथे १९०१ साली निघालेल्या या कंपनीच्या गाड्यांचे उत्पादन १९५३ मध्ये थांबले. पुढे नाव अनेक हातांतून फिरले व २०११ मध्ये पोलारिसने ते विकत घेऊन त्यात पुन्हा प्राण घातला. तिच्या नव्या ‘स्काउट’मध्ये १२५० सीसीचे, पाण्याने थंड राहणारे इंजिन आहे. नागपूरच्या माणसाला हा गुण निराळा समजावून सांगावा लागत नाही.

या गाड्यांच्या ठळक जाती दोन. क्रूझर म्हणजे चाके लावलेली आरामखुर्ची: बैठक ठेंगणी, पाय पुढे पसरलेले. टूरिंग म्हणजे चालता बिऱ्हाडखटला: पुढे वाऱ्याला अडवणारा पडदा, दोन्ही बाजूंना कुलपाच्या पेट्या. ‘स्ट्रीट ग्लाइड’चे इंजिन १९२३ सीसीचे, आमच्या घरच्या मोटारीचेही त्यापुढे लहान ठरते. वजन सुमारे ३६८ किलो.

वजनाशी येऊन माझा अभ्यास अडला. एका स्नेह्यांच्या चिरंजीवांकडे ‘फॅट बॉय’ आहे. भार सुमारे ३१७ किलो, म्हणजे जुन्या चाळीस शेरी मणाने साडेआठ मण. चालू लागल्यावर हे वजन जाणवत नाही, असे सारे सांगतात, आणि ते खरेही आहे. पण चालणारी वस्तू कधीतरी थांबते. आडवी झालेली गाडी उचलण्याची एक रीत आहे: तिच्याकडे पाठ करून बैठकीला कंबर टेकवायची, हँडल व चौकट धरायची आणि पायांच्या जोरावर पावलापावलाने मागे सरकायचे. रीत मला तोंडपाठ आहे. गुडघ्यांना ती मान्य नाही.

उन्हाचेही तेच. हवेने थंड होणारे मोठे इंजिन मे महिन्यात सक्करदरा चौकातील तांबड्या दिव्यापाशी उभे राहिले की मागचा सिलिंडर मांडीखाली शेगडीसारखा पेटतो. म्हणून काही गाड्यांत, इंजिन फार तापले तर उभ्या गाडीचा मागचा सिलिंडर आपोआप बंद ठेवण्याची सोय कारखान्यानेच करून दिली आहे. रस्त्याचे दैव तर आणखी विनोदी. नागपूरहून मुंबईला जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाला; अशा गाडीसाठी याहून योग्य रस्ता कोणता? पण त्यावर दुचाकीला मज्जाव आहे.

हे सारे मी घरात रंगवून सांगितले. आमच्या सौभाग्यवतींनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “अहो, पण मी बसायचं कुठे?”

मी माहितीपत्रके पुन्हा उघडली. कित्येक क्रूझरना मागची बैठकच नाही. काहींना आहे ती पोळपाटाएवढी. अठ्ठावीस वर्षे ही बाई माझ्या स्कूटरवर मागे बसली. कधी कडेवर मूल, कधी मांडीवर बुधवारच्या बाजाराची पिशवी. मुले आता आपापल्या गावी आहेत, पिशवीही हलकी झाली आहे. गेल्या दिवाळीत आमचे एक सहकारी वारले. निवृत्तीनंतर पाहावयाच्या गावांची यादी त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवली होती. यादीत गावे अकरा होती. पाहून झाल्याची खूण एकावरही नव्हती. ती यादी पाहिल्यापासून मला बैठकीचा प्रश्न इंजिनाहून मोठा वाटू लागला आहे.

तेव्हा मी निवड केली आहे. हार्लेने २०२० मध्ये भारतातील आपला कारखाना बंद करून हीरो कंपनीशी हातमिळवणी केली. त्यातून २०२३ साली ‘एक्स ४४०’ निघाली. ती राजस्थानात नीमराण्याला तयार होते. सिलिंडर एकच, म्हणून तो लंगडा ठेका नाही. शक्ती सत्तावीस अश्वांची. जाणकार तिला खरी अमेरिकन मानायला कचरतात. साडेतीनशे सीसीवरच्या गाड्यांना २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेला चाळीस टक्के जीएसटी तिलाही चुकत नाही. पण भार सुमारे पाच मण आहे, आणि मागे एका माणसाला नीट बसता येते. दुकानात आम्ही दोघांनीही बसून पाहिले.

पहिली फेरी उमरेडची ठरली आहे. पहाटे निघायचे, ऊन चढण्याआधी परतायचे. ती साधली की रामटेक, मग देवलापारवरून पेंचचे जंगल. कन्याकुमारीपर्यंत जाणारा रस्ता आमच्याच शहरातून जातो, हे मी अजून घरी बोललेलो नाही.