कोळत्तूरच्या अण्णांचं देणं

चेन्नईतल्या माझ्या मुक्कामात ज्यांचं देणं फिटायचं नाही असं एकच माणूस, कोळत्तूरचे अण्णा. नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून अण्णाच म्हणते. कोळत्तूर ही शोभेच्या माशांची पेठ. ओळीने दुकानं, दारात हवा भरून फुगवलेल्या पिशव्या आणि त्यांत मासे. तिथे गोड्या पाण्यातले मासे विकणारे खूप, समुद्राच्या पाण्याचं काम जाणणारे थोडे. अण्णा त्या थोड्यांतले.

मी मालवणची. समुद्र घरात असावा या हौसेने खाऱ्या पाण्याची टाकी लावली. आरओच्या पाण्यात मीठ विरघळवून घनता १.०२५ वर आणली, पंप सुरू केला, आणि अण्णांनी सांगितलं की आता महिनाभर तरी आत काही सोडायचं नाही. आधी अमोनिया चढतो आणि उतरतो, मागोमाग नायट्राइट, शेवटी उरतं नायट्रेट. हे काम टाकीतल्या खडकाच्या छिद्रांत वस्ती करणारे जिवाणू करतात, आणि ते त्यांच्याच गतीने होतं. "अवसरम् वेंडाम, अक्का," अण्णा म्हणायचे. घाई नको.

पाणी बसल्यावर मी दगडी प्रवाळ मागितलं. अण्णांनी सरळ नाही म्हटलं. २००१ पासून दगडी प्रवाळं, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण तेच यांना. पण अण्णांचा नकार कायद्यापेक्षा जुना होता. त्यांचे वडील तूत्तुक्कुडीचे. वल्लम म्हणजे होडी घेऊन जायचे, प्रवाळाचे दगड पहारीने काढायचे आणि चुन्याच्या भट्टीला घालायचे. त्या किनाऱ्यावर अनेक घरांची चूल त्यावर पेटत होती, त्यांना दोष देणं मला जमत नाही. पण दशकानुदशकं चाललेल्या उपशाने मन्नारच्या आखातातल्या २१ बेटांपैकी पूवरसनपट्टी आणि विलांगुचल्ली ही दोन पाण्याखाली गेली. २००४ च्या त्सुनामीनंतर उपसा थांबला. "आमच्या घरानं पुष्कळ काढलं, अक्का. माझ्या हातून आता एकही जाणार नाही," अण्णा म्हणाले. वडिलांचं देणं ते अशा रीतीने फेडत होते, आणि मी त्यांची गिऱ्हाईक असूनही मला त्यांनी त्यात सामील करून घेतलं.

मग त्यांनी स्वतःच्या टाकीतलं, मशरूम प्रवाळ म्हणतात ते दिलं, फरशीच्या तुकड्याला चिकटलेलं. शास्त्राच्या काटेकोर हिशेबात हे प्रवाळाचं चुलत भावंड. सांगाडा बांधत नाही, फुटून आपोआप वाढतं. पैसे घेतले नाहीत. पिशवी टाकीत तरंगत ठेवायची, तापमान जुळलं की बारीक नळीने टाकीचं पाणी पिशवीत थेंबथेंब सोडायचं, आणि तळाशी, मंद उजेडात बसवायचं, हे सगळं त्यांनी घरी येऊन करून दाखवलं. त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल उजेडावर अन्न तयार करतं. उष्णता फार झाली तर प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. चेन्नईच्या मे महिन्यात म्हणूनच पाणी थंड ठेवणारा चिलर लागतो.

१२ डिसेंबर २०१६ ला वर्दा चक्रीवादळ आलं. आमच्या भागात वीज गेली ती लवकर परतली नाही. रस्ते पडलेल्या झाडांनी अडले होते. अण्णांच्या दुकानातही अंधार होता, तरी ते सायकल ढकलत आले, बॅटरीवरचा हवेचा पंप घेऊन. त्याची बॅटरी संपल्यावर मगाने पाणी उंचावरून ओतत राहायला शिकवलं, म्हणजे पाण्यात प्राणवायू मिसळत राहतो. रात्री आम्ही पाळी लावून ओतलं. मशरूम जगलं.

आता ते फुटून टाकीभर पसरलं आहे. मागेल त्याला मी तुकडा देते, फुकट, कारण अण्णांची अट तीच होती.

त्याच मन्नारच्या आखाताकाठच्या रामेश्वरमला जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंना माझी हात जोडून विनंती आहे: कुणी शोभेसाठी पांढरं प्रवाळ पुढे केलं तर घेऊ नका. मेलेल्या तुकड्यालाही तोच कायदा लागू आहे.