त्याच्या वहीतला हिशोब

मैत्रिणींनो, एक विचारू? मुलाच्या शाळेचा फॉर्म भरताना 'आईचा व्यवसाय' या रकान्यापाशी तुमचं पेन कधी अडखळलं आहे का? माझं अडखळलं होतं. 2016 सालचा जून महिना. बाहेरच्या खोलीत आमचे हे फॉर्म भरत बसले होते आणि मी आत तांदळाच्या भाकऱ्या करत होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "अगं, तुझ्या रकान्यात काय लिहू? गृहिणी, की काही नाही?"

त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं हो. पण 'गृहिणी' आणि 'काही नाही' हे शब्द त्यांनी इतक्या सहज शेजारी शेजारी बसवले, की तव्यावरची भाकरी करपली तरी मला कळलं नाही.

वर्षभर आधीपर्यंत मी चर्चगेटला एका कचेरीत नोकरी करत होते. भल्या पहाटे डबा भरायचा, वटारहून विरार गाठायचं, लोकलमध्ये उभ्या उभ्या डुलकी काढायची. दमायची, पण महिन्याअखेर पगार हातात आला की आपणही कुणीतरी आहोत असं वाटायचं. मग 2015 च्या पावसाळ्यात सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. मी नोकरी सोडली. सोड असं मला कुणीही म्हणालं नाही. फक्त सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आमचं वटार तुमच्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक नसेल. पालघर जिल्ह्यातल्या वसई तालुक्यातलं हे गाव, अर्नाळ्याच्या किनाऱ्यापासून फारसं लांब नाही. केळीच्या, पानवेलीच्या, भाजीच्या आणि फुलांच्या वाड्या. वाडीला पाणी पुरवणारी बावखलं, म्हणजे आमच्या भागातली जुनी तळी. आता आजूबाजूला इमारती चढत चालल्या आहेत, पण पहाटे दादरला फुलं नि भाजी घेऊन जाणाऱ्या बायका या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेल्या. माझ्या सासूबाई त्यांच्यातल्याच एक. चार मुलांना त्यांनी त्या पाटीवर वाढवलं. घरात हिशोब चुकला तर त्या बोटांवर मोजून बरोबर करून देत. शाळेचं तोंड मात्र त्यांनी पाहिलं नव्हतं.

अशी बाई अंथरुणाला खिळली. पंधरा दिवसांनी, मी त्यांचं अंग पुसत असताना, त्या तिरक्या झालेल्या तोंडानं कशाबशा म्हणाल्या, "पोरी, आता मी कशाच्या कामाची गं?" (घरात आम्ही कादोडी बोलतो. इथे तुम्हां सर्वांना समजेल असं लिहिते आहे.)

मी काहीतरी समजुतीचं बोलले. पण खरं सांगू? तोच प्रश्न मी रोज रात्री स्वतःला विचारत होते. त्यांच्या हातून काम होत नव्हतं म्हणून त्या निरुपयोगी, आणि माझ्या हातून दिवसभर काम होत होतं तरी मी 'काही नाही'. एका छपराखाली आम्ही दोघी एकाच दुखण्यानं आजारी होतो.

डॉक्टरांनी बजावलं होतं, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. भरवताना उशा लावून बसतं करायचं, नाहीतर ठसका लागतो. कूस बदलल्यावर मी थोडा वेळ शेजारी बसायची. नुसतं बसून काय करायचं, म्हणून कपाटातलं बायबल काढलं आणि त्यातली स्तोत्रं वाचून दाखवू लागले. भक्तीपेक्षा वेळ घालवणं हाच हेतू होता, हे कबूल करते.

ज्या मैत्रिणी ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी सांगते. स्तोत्रसंहिता म्हणजे बायबलमधला दीडशे प्रार्थनागीतांचा संग्रह. त्यातल्या 73 गीतांच्या मथळ्यात दावीद राजाचं नाव आहे. ख्रिस्ताच्या आधी ज्यू लोक ती गात आणि आजही गातात. आमच्या मिस्सामध्ये पहिल्या वाचनानंतर स्तोत्र असतंच. सासूबाईंच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होई. 1962 ते 1965 या काळात व्हॅटिकन परिषद भरली आणि त्यानंतर उपासना लोकांच्या भाषेत आली. म्हणजे देवाशी बोलली जाणारी भाषा स्वतःला कळायला त्यांना पंचविशी गाठावी लागली!

आमच्या घरातलं बायबल म्हणजे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल'. ते 2010 साली निघालं आणि 2013 साली त्याला साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला. फादर आमच्याच पट्ट्यातले, नंदाखालचे. जुलै 2024 मध्ये ते गेले. सरळ मराठीत असल्यामुळे सासूबाईंना मधे मधे अर्थ सांगावा लागत नसे.

एके दुपारी एकाहत्तरावं स्तोत्र आलं. त्यात एक म्हातारा जीव देवाला विनवतो आहे, की म्हातारपणी मला टाकून देऊ नकोस, अंगातलं बळ सरल्यावर मला सोडू नकोस. सासूबाईंनी उजवा हात उचलून मला थांबवलं.

"हे कुणी लिहिलं?"

मी पाहिलं. त्या स्तोत्रावर कुणाचंच नाव नाही. तसं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "म्हातारीच असणार."

दोन महिन्यांत आम्ही दोघी पहिल्यांदा हसलो.

पण हसू आलं म्हणजे सगळं सुरळीत झालं असं नाही. सेवा करणाऱ्या बाईला सगळे देवी म्हणतात. त्या देवीला रात्री दोन वाजता तिसऱ्यांदा चादर बदलावी लागली की तिच्या मनात काय येतं, ते कुणी विचारत नाही. एका रात्री माझा तोल गेला. मी बोलून गेले, "तुमच्यापायी माझं सगळं गेलं!" त्या काहीच बोलल्या नाहीत. तोंड भिंतीकडे केलं. दुसऱ्या दिवशी घोटभर पेजसुद्धा घेतली नाही.

तो दिवस मी विसरू शकत नाही. दुपारी मी मुकाट्यानं बायबल घेऊन बसले. एकशे एकतिसावं स्तोत्र उघडलं, कारण ते अगदी लहान, जेमतेम तीन ओव्यांएवढं, आणि त्याहून जास्त वाचायचं माझ्यात बळ नव्हतं. त्यात गाणारा म्हणतो, की दूध तुटलेलं मूल आईपाशी असतं, तसा माझा जीव शांत आहे.

मैत्रिणींनो, आपण सगळ्यांनी मुलांचं दूध तोडलं आहे. अंगावर पिणारं मूल आईकडे येतं ते भुकेनं. त्याला काहीतरी हवं असतं. दूध तुटल्यावर मात्र ते मांडीवर येतं ते नुसतं यायचं म्हणून. त्याला काही घ्यायचं नसतं, आईलाही काही द्यायचं नसतं. आणि आई काय त्याला विचारते, 'तू कशाच्या कामाचा?'

हे वाचताना माझा आवाज बसला. मी त्यांच्या उजव्या हातावर डोकं ठेवलं आणि म्हटलं, "आई, चुकलं माझं." बऱ्याच वेळानं तो हात हलला आणि माझ्या केसांवरून फिरला. मग त्या म्हणाल्या, "तुझं गेलं ते खोटं नाही, पोरी. मला दिसतं." माझ्या जिवाला याहून मोठा दिलासा कुणी दिला नव्हता. कौतुक नको होतं हो मला. कुणाला तरी दिसतं, एवढंच हवं होतं.

त्यानंतर मी स्तोत्रं वेगळ्या डोळ्यांनी वाचू लागले. छप्पन्नाव्या स्तोत्रात तर मला आपल्या घरातलीच वस्तू सापडली. गाणारा देवाला सांगतो, की माझे अश्रू तुझ्या बुधलीत साठव, ते तुझ्या वहीत नोंदलेले आहेतच ना? वही! आपण सगळ्याजणी हिशोबाची वही ठेवतो. दुधाचे खाडे, वाण्याचं देणं, गॅस कधी लावला, सगळं त्यात असतं. नसतं ते एकच. आपण किती वेळा पदराला डोळे पुसले, ते. माझ्या कामाचा हिशोब ठेवणारी कचेरी मी सोडून आले होते. पण माझ्या अश्रूंचा हिशोब ठेवणारं कुणी आहे आणि त्या वहीत खाडा पडत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

एकशे एकोणचाळिसावं स्तोत्र आम्हां विणणाऱ्या बायकांचंच म्हणा ना. देवानं मला आईच्या उदरात विणलं, असं त्यात म्हटलं आहे. ज्यांनी कुंची-मोजे विणले आहेत त्यांना ठाऊक आहे, एकेक टाका बोटांखालून जातो. मग विचार करा, आपली किंमत कधी ठरली? पहिला पगार झाला तेव्हा, की पहिली पोळी गोल आली तेव्हा? हाताला काम यायच्या कितीतरी आधी कुणीतरी आपल्याला टाक्याटाक्यानं विणलं होतं. ती किंमत नोकरी सुटली म्हणून उतरत नाही आणि अंग लुळं पडलं म्हणूनही उतरत नाही. सासूबाईंच्या आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर एकच होतं.

ही ओळख काही फक्त आमच्या धर्मातली नव्हे. जनाबाईला दळताना साथ करणारा विठू तुम्हांला परका आहे का? तिलाही त्यानं काम किती केलंस ते विचारलं नाही. जात्याच्या दुसऱ्या बाजूला तो बसला. आणि पंडिता रमाबाईंची हकीकत आठवते? केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं. 1922 साली त्या वारल्या आणि 1924 साली ते प्रसिद्ध झालं. छापखान्यात काम करणाऱ्या होत्या तिथल्याच बायका. घरादारानं टाकलेल्या कितीतरी विधवा आणि अनाथ मुली त्या सदनात आसऱ्याला होत्या. आईबापांनी टाकलं तरी देव जवळ घेतो, असं सत्ताविसावं स्तोत्र सांगतं. ते पान छापखान्यातल्या कुणा मुलीच्या हाती आलं असेल, तेव्हा तिला काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता थोडं व्यवहाराचं. तुम्हांला स्तोत्रं वाचावीशी वाटली तर पहिल्यापासून सलग वाचायचा अट्टाहास करू नका. एकशे एकोणिसावं 176 ओव्यांचं आहे, तिथे अडकून पडाल. एकशे सतरावं दोनच ओव्यांचं आहे. लहानांपासून सुरुवात करा. मोठ्यानं वाचा, भाजी निवडणारं माणूस समोर असलं तरी चालेल. जे मनाला लागेल त्याच्या कडेला पेन्सिलीनं तारीख घाला. वर्षानं ती पानं उलटून पाहा.

आणि तक्रारीची स्तोत्रं गाळू नका. तेराव्यात, मला किती काळ विसरणार, असा देवालाच जाब विचारला आहे. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासासुद्धा नाही. मला वाटायचं, चांगल्या बाईनं कुरकुर करू नये. पण ही गाऱ्हाणी देवाच्या ग्रंथात मानानं बसली आहेत. तेव्हा 'देवाला माझी किंमत आहे' याचा अर्थ 'घरात काहीही सोसत राहायचं' असा मुळीच घेऊ नका. उलट ज्याची किंमत असते ते जपायचं असतं. मी यांना स्पष्ट सांगितलं की रविवारी आईंचं सगळं तुम्ही बघायचं. त्यांनी केलं, आणि चांगलं केलं. नणंद महिन्यातून चार दिवस येऊ लागली. आणि आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर स्तोत्राबरोबर डॉक्टरही हवा. तापाला औषध घेतोच ना आपण?

2019 च्या नोव्हेंबरात सासूबाई गेल्या. चार वर्षांत त्यांच्या पाठीला एकही जखम झाली नाही. हे लिहिताना मला अभिमान वाटतो, तो मी लपवत नाही. शेवटच्या महिन्यांत त्यांचं बोलणं जवळजवळ थांबलं होतं. पण 'मी कशाच्या कामाची' हे त्यांनी त्या दुपारनंतर पुन्हा कधी विचारलं नाही. स्तोत्र संपलं की उजव्या हातानं मला जवळ बोलवायच्या आणि केसांवरून हात फिरवायच्या. तेवढं काम त्यांनी शेवटपर्यंत केलं.

मागच्या जूनमध्ये धाकटीचा फॉर्म आला. या वेळी मी तो स्वतः भरला. 'आईचा व्यवसाय' या रकान्यात स्वच्छ अक्षरात 'गृहिणी' लिहिलं. हे शेजारी बसून बघत होते. म्हणाले, "छान आलंय अक्षर."

आज रात्री दुधाचा नि वाण्याचा हिशोब लिहून झाला की वही मिटण्याआधी क्षणभर थांबा, मैत्रिणींनो. तुमची आणखी एक वही कुठेतरी लिहिली जाते आहे. तिच्यातलं तुमचं एकही पान कोरं नाही.